अंतोनच्या मडक्यातले पाणी

आमच्या घरात पाण्यावर निबंध लिहिणारा मी एकटाच. बाकीचे ते नुसतेच पीत.

निबंधाचे सार असे: तहान सर्वांची एक, पाणीही एकच, मग विटाळ कसला? त्याची छापील चोपडी मी कल्याणात घरोघर वाटली. (आमच्या घरी तिच्यात जिरे बांधून ठेवीत.)

एका रविवारी नाना, आत्या, माझी बायको आणि मी खाडीतले ओसाड बेट पाहायला निघालो. बंदरावर आत्याने सोवळ्याची कळशी होडीत ठेवली. मी ती उचलली आणि काठावरच्या वखारीत ठेवून आलो!

"आज सगळे अंतोनच्या मडक्यातले पाणी पिणार!" अंतोन आमचा नावाडी, किरिस्ताव.

"अरे मेल्या, मी तहानेने मरेन की!" आत्या ओरडली.

"तत्त्वासाठी मरण आले तरी बेहत्तर!"

"तत्त्व तुझं आणि मरण माझं होय रे?"

बेटावर फिरंग्यांचा एक पडका बुरूज होता. बुरूज दिसला की मला भाषण येते. मी वर चढून रूढींवर तुटून पडलो. श्रोते घरचे तीन आणि दोन बगळे. (बगळे लवकर उठले.)

खालून अंतोन ओरडला, "मास्तर, पानी उतरतंय! होडी रुतेल!"

"निसर्गनियम मला शिकवू नकोस!" मी गरजलो. (शाळेत मी भूगोल शिकवीत असे.)

भाषण संपले तेव्हा होडी चिखलात बसली होती. आता भरतीपर्यंत मुक्काम! त्यात फराळाला आत्याचे तिखट पोहे. जीभ टाळूला चिकटली.

अंतोनने करवंटी भरून पुढे केली. "घ्या मास्तर, पैले तुमी."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हात उचलू गेलो. हात उचलेना!

"गाळलेले आहे ना?" मी विचारले.

"व्हय."

"नाही म्हणजे... मला तशी तहान नाहीच."

अंतोनने मान खाली घातली. करवंटी मागे घेतली. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"आण रे बाबा इकडे," आत्या म्हणाली आणि घटाघटा प्याली. तोंड पुसून मला म्हणाली, "शास्त्रात आपद्धर्म आहे. तुझ्या चोपडीत नाही वाटतं?"

नाना प्याले. बायको प्याली, पदराआडून हसली. लाजून मी अखेर हात पुढे केला, तोवर मडके रिकामे!

संध्याकाळी भरती आली, आम्ही बंदराला लागलो. वखारीकडे धावत जाऊन ती सोवळ्याची कळशी उभ्या उभ्या कोणी रिकामी केली, हे मात्र कृपा करून विचारू नका.