रोप उपटून पाहणारे साडू

लावलेलं रोप जगलं की नाही, हे उपटून पाहणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. रिठद गावच्या शेतात त्यांनी बांधावर लावलेला आंबा अजून गुडघ्याएवढाच आहे, कारण मूळ धरलं का, हे ते मधूनमधून उकरून बघतात. एसटीला उशीर झाला की ते पुढच्या थांब्याकडे पायी निघतात आणि मागून आलेली तीच एसटी त्यांच्यावर धूळ उडवून जाते. दुसरी खोड अशी की जुनं काही काढायचं नाही. विहिरीवर जळालेली मोटर नव्या मोटरीशेजारी अजून बसलेली आहे. "इतके वर्स पाणी देल्लं तिनं, आता कायले हाकलता?"

असा माणूस आमचं मेलचं काम करायला बसला. जूनमधला सोमवार, हजर मी, बायको आणि साडू, पणाला एकशेवीस ट्रे मिरचीची रोपं. शिरपूरजवळ आमची लहानशी रोपवाटिका आहे. तिच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आपला स्वतःचा पत्ता, मी विकत घेतला होता, आणि त्यावर मेल यावा म्हणून दुसऱ्या एका कंपनीची मेलपेटी. अमरावतीकडच्या एका शेतकरी गटाला रोपं पसंत होती. पण त्यांच्या ऑर्डरच्या मेलला आपला होकार गेल्याशिवाय गाडी निघायची नाही. मेल काही येईना. फोन केला तर उत्तर एकच, "पाठवलाय, बघा." रोपं तर ट्रेमध्ये वाढतच होती. आठवड्यात गेली नाहीत, तर लांबट होऊन उकिरड्यावर जाणार होती.

"दादा, मी करून राह्यलो ना, तुमी चहा घ्या," म्हणत साडूंनी सेटिंगचं पान उघडलं. त्या पानावरच्या नोंदींना रेकॉर्ड म्हणतात. मेल कुठल्या पेटीत टाकायचा, ते बाहेरच्या जगाला त्यावरून कळतं. बदल केला की तो सगळीकडे पोचायला काही तास लागतात, असं तिथेच लिहिलं होतं. साडूंनी घटकाभरही दम धरला नाही. रेकॉर्ड बदलायचा, स्वतःच्या फोनवरून मेल टाकायचा, "भेटला का?" विचारायचं, नाही म्हटलं की पुन्हा बदलायचा. त्यांच्या येरझाऱ्यांनी बायकोचं डोकं दुखू लागलं. "भाऊजी, बसा ना हो एका जागी! ओसरी झिजवता काय?"

अखेर मी चष्मा लावून ते पान ओळीने वाचलं. रेकॉर्ड दोन होते. एक आमच्या पेटीचा, त्यापुढे आकडा शंभर. दुसरा डोमेनसोबत फुकट मिळालेल्या पेटीचा, जी आम्ही कधी उघडलीच नव्हती, त्यापुढे दहा.

"हा दुसरा कशाला ठेवला?"

"आधीपासून बसेल हाय बिचारा. राहू द्या ना."

"आणि शंभर?"

"आपल्याले पैकीच्या पैकी देल्ले!"

मदतीच्या पानावर स्पष्ट होतं: ज्याचा आकडा लहान, त्याचा मान आधी. सारे मेल त्या फुकटच्या पेटीत जात होते. मी जुना रेकॉर्ड काढला. साडूंनी तोंड फिरवलं, जणू कोणाला घराबाहेर काढलं. मग बायकोने त्यांचा फोन आपल्या कमरेला खोचला आणि त्यांना रिकामे ट्रे धुवायला बसवलं. त्या दुपारी ते पहिल्यांदा एका जागी बसलेले मी पाहिले. हात चालत होते, नजर मात्र तिच्या कमरेवरच्या फोनकडे.

दरम्यान मी ती फुकटची पेटी उघडली. ऑर्डर तिथेच होती. तिच्या वर साडूंचेच मेल: "भेटला का?" "आता भेटला का?" "दादा, आता तरी?" मी नव्या पेटीतून होकार पाठवला, आणि संध्याकाळी उत्तर त्याच पेटीत आलं: गाडी बुधवारी निघते. साडू ओले हात तसेच घेऊन धावत आले आणि ते उत्तर त्यांनी तीनदा वाचलं.

बुधवारी रोपं गेली. ती फुकटची पेटी आता काही कामाची नाही, तरी मी ती बंद केलेली नाही; साडूंचे मेल पुसायला हात धजत नाही. मेहनतीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. परवा त्यांचा फोन आला.

"दादा, तुमी देल्लेल्या रोपांतल्या एकाले बी हात नाही लावला." आणि लगेच, "पण लागलं असंल का हो?"

"लागलं असेल," मी म्हणालो.

त्या कामाचा मोबदला म्हणून एवढंच दिलं गेलं: मिरचीचा एक ट्रे, आमच्या साडूंना.