गेस्टिफ्टेट आणि सिंधूकाकूंची निळी वही

सिंधूकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नानची कणीक मळत होतो. फोनवर त्यांचा मुलगा शिरीषदादा होता. "दत्ता, आई गेली रे. पहाटे, पुण्याला ताईकडे. झोपेतच..." मी नुसतं 'हो' म्हणालो आणि मळत राहिलो. भानावर आलो तेव्हा कणीक दगडासारखी झाली होती. त्याला आता सहा आठवडे झाले. काकूंविषयी लिहायचं तर डोळे भरायला हवेत, पण मला आधी राग येतो. सातवीत शाळा सोडलेला मी स्वयंपाकी माणूस, लिहायची सवय नाही. तरी या रागामुळेच हे लिहितोय, आणि ते लपवत नाही.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ज्या रेस्टॉरंटात मी काम करतो, तिथे शिरीषदादांचं कुटुंब अधूनमधून जेवायला यायचं. एकदा काकू थेट किचनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "डाळीला फोडणी कुणी दिली रे?" मला वाटलं तक्रार आहे. "मी, काकू." "कुठला तू?" "पारनेरचा." "तरीच म्हटलं, ह्या पंजाबी मेन्यूकार्डावर आपली हिंगाची फोडणी कशी!" त्या हसल्या, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी एप्रनच्या खिशातलं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. सरकारी कचेरीचं पत्र. आठ दिवस मी ते खिशात घेऊन फिरत होतो. माझा व्हिसा या नोकरीला बांधलेला. पाकीट फोडायचं धाडस नव्हतं आणि फोडलं असतं तरी वाचता आलं नसतं. जर्मन काकूंनाही येत नव्हतं. पण त्यांनी तीस वर्षं टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी केली होती. त्यांनी पाकीट उजेडाकडे धरलं, माझं नाव विचारलं, पत्त्यातल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अरे वेड्या, हे तुझं नाहीच. तुझ्या खोलीत आधी कुणी राहत होता त्याचं आहे."

आठ दिवस मी दुसऱ्याच्या पत्राला घाबरत होतो! काकूंनी मात्र चेष्टा केली नाही. "कागदाची भीती वाटते ना तुला? मग अक्षरं दगडावर शिकू. दगड काही तुला देशाबाहेर काढत नाही. तुझी सुट्टी कधी?" सोमवारी आमचं रेस्टॉरंट बंद असतं. त्या सोमवारपासून आमची फिरस्ती सुरू झाली. काकू नऊवारीवर स्वेटर, पायात नातवाचे जुने बूट, हातात निळी वही. मी मागून छत्री घेऊन. गावातला एकही पुतळा आम्ही सोडला नाही. जुन्या पुलावरची ढाल घेतलेली देवी, पुलाच्या तोंडाशी आरसा धरून बसलेलं पितळी माकड, चौकातलं कारंजं, घरांच्या कोपऱ्यांवर कोनाड्यात उभ्या केलेल्या मेरीमाता. काकू वाकून चौथऱ्यावरचं एकेक अक्षर बोटानं चाचपायच्या, मी मोठ्यानं वाचायचो, मग त्या वहीत उतरवायच्या. पुतळा कुठे आहे, तोंड कुठल्या दिशेला, जवळ बाक आहे का, गुडघेदुखी असलेल्या माणसानं कुठल्या गल्लीतून यावं. आमच्यासारख्या पाहुण्या म्हाताऱ्यांसाठी हे लिहितेय, असं म्हणायच्या. दिवसभर मुलं-सुना कामाला, नातवंडं शाळेत... म्हाताऱ्या माणसांनी खिडकीत बसून करायचं काय?

जुन्या वळणदार जर्मन लिपीतल्या ओळी आम्हाला लागायच्या नाहीत. जे साध्या अक्षरांत असेल तेवढंच वाचायचं. अशीच एका गल्लीत एका दगडी संताच्या पायाशी ओळ सापडली. बाकीचं झिजलेलं, एकच शब्द स्वच्छ: गेस्टिफ्टेट. पुढच्या सोमवारी दुसऱ्या पुतळ्याखाली तोच शब्द. मग तिसऱ्या. काकूंचा चेहरा उजळला. "दत्ता, हा इथला फार मोठा माणूस दिसतो. बघ, आपल्याकडे कसा एकाच माणसाचा पुतळा प्रत्येक चौकात असतो, तसंच." मी म्हटलं, "पण काकू, तिसरी तर बाई आहे." काकूंनी क्षणभर विचार केला. "स्त्रीवेष घेतला असेल. संत घेतात." आणि पान सोळावर लिहून टाकलं: संत गेस्टिफ्टेट, एकूण तीन पुतळे, पैकी एक स्त्रीवेषात.

दगडावर शिकलेल्या अक्षरांच्या जिवावर मी भाषेच्या वर्गात नाव घातलं. एवढ्याने माझं आयुष्य बदललं, नंतर परीक्षा पास झालो, व्हिसाही वाढला. ते सगळं काकूंचं. त्या वर्गातच एक दिवस बाईंनी फळ्यावर तोच शब्द लिहिला आणि वाचून दाखवला. गेस्टिफ्टेट नव्हे, गेश्टिफ्टेट. आणि ते कुणाचं नाव नव्हतं. त्याचा अर्थ 'दान म्हणून दिलेला'. काकूंना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की सून बाहेर आली. पण तोवर वही घरात नव्हती. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष 'दिवाळी अंकात छापतो' म्हणून घेऊन गेले होते. मी म्हटलं, "फोन करून चूक सांगू या." काकू हसायच्या थांबल्या. "थांब. आधी बघू, नाव कुणाचं घालतो. माझं घातलं तर मी स्वतः दुरुस्त करीन."

अंक आला. लेखावर अध्यक्षांचं नाव, शेजारी पितळी माकडाजवळ गॉगल घालून काढलेला त्यांचा फोटो. काकूंचा उल्लेख कुठेच नाही. संत गेस्टिफ्टेट मात्र होते, स्त्रीवेषासकट.

मग वसंतात, ईस्टरच्या सुट्टीत पुण्याहून पाहुणे आले आणि अध्यक्षांनी त्यांच्यासाठी 'हेरिटेज वॉक' काढला. काकू म्हणाल्या, "दत्ता, सोमवार आहे, जाऊ या." अध्यक्ष मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत, तिथे सगळं इंग्रजीत. सात वर्षांत जर्मन ब्रेड आणायपुरतं. दगडी संतापाशी येऊन त्यांनी हात वर केला. "आणि हे संत गेस्टिफ्टेट. यांचे या शहरात तीन पुतळे आहेत." तेवढ्यात त्यांची नऊ वर्षांची मुलगी किंचाळलीच, "पापा! दास हाइस्ट गेश्पेंडेट!" या पोरांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. बरोबर आलेल्या, तिच्या शाळेतल्या एका मराठी मुलाने 'म्हणजे दान दिलेला' असा अर्थ सांगितला आणि पाहुणे हसायला लागले. काकू शांतपणे पुढे झाल्या. "अहो अध्यक्ष, चूक माझी आहे. वहीचं पान सोळा. उतरवताना मला विचारायचं होतंत."

"कुठली वही, काकू?" अध्यक्ष म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून, आवाज खाली न करता, "वय झालंय हो. कन्फ्यूज होतात."

काकू परत येताना बाकावर बसल्या. बूट सैल केले आणि म्हणाल्या, "चोरलं त्याचं नाही रे... पण मला कन्फ्यूज म्हणाला. तीस वर्षांत माझ्या हातून एक पत्र चुकीच्या पोत्यात गेलं नाही. ती वही माझ्या नावानं परत आण. एवढं करशील?" मी हो म्हणालो आणि काहीच केलं नाही. अध्यक्ष आमच्या मालकांचे मित्र. मी घाबरलो. शरदात काकू पुण्याला गेल्या त्या गेल्याच.

शोकसभा चर्चच्या हॉलमध्ये होती. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "काकू म्हणजे माझ्या वॉकच्या पहिल्या श्रोत्या!" दुसऱ्या रांगेत माझे मालक. तरी मी उठलो. "अध्यक्ष, काकूंची निळी वही कुठे आहे?"

"तू बस रे. ही वेळ आहे का? कसली वही..."

"दास ब्लाउए हेफ्ट?" मागून ती मुलगी उत्साहानं म्हणाली. "लीग्ट बाय उन्स इम केलर!" निळी वही? ती तर आपल्या तळघरात आहे! हॉलमधल्या सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या. अध्यक्षांचा चेहरा मी पाहिला आणि मला फार बरं वाटलं. शोकसभेत तसं वाटू नये. पण वाटलं, आणि अजूनही आठवलं की वाटतं. ती पोरगी आली की तिला मी मोठा ग्लास भरून आंब्याची लस्सी देतो.

दोन दिवसांनी वही शिरीषदादांच्या टपालपेटीत पडली. काकूंचं नाव असलेलं पहिलं पान ब्लेडनं कापलेलं. दादा म्हणाले, "दत्ता, तूच ठेव. आईची तीच इच्छा असणार. आणि आता सोड ना हा विषय."

मी सोडलेला नाही. इथे अध्यक्षांचं नाव मी लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. त्यांनी काकूंचं लिहिलं नव्हतं. मालकांनी हा लेख वाचला तर नोकरी राहील की नाही, माहीत नाही, पण एकदा घाबरून मी काकूंना दिलेला शब्द वाया घालवला, आता नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर मी माझ्या सातवीच्या अक्षरात ठळक लिहिलंय: 'सिंधू वामन राजोपाध्ये यांनी पायी फिरून लिहिलेली वही', मराठीत आणि खाली जर्मनमध्ये. ती आता आमच्या काउंटरवर असते, मालकांनी अजून हटवलेली नाही. मराठी मंडळी येतात, चाळतात, आईवडिलांसाठी पानं उतरवून नेतात.

अध्यक्ष अजूनही शनिवारी दुपारी पार्सल न्यायला येतात. त्यांना आमच्याकडची डाळ आवडते. काउंटरशी उभे राहिले की मी वही सरकवून बरोबर त्यांच्या समोर ठेवतो, पुठ्ठा वर. ते मोबाइलकडे बघत राहतात. मी आत जातो आणि त्यांच्या डाळीची फोडणी पुन्हा नव्यानं, सावकाश करायला घेतो.