मामांची हिरवी बरणी

बायको माहेरी गेलेली असताना फ्रीज घासून तिला चकित करावं, अशी सुबुद्धी मला एका रविवारी सुचली. मागच्या कप्प्यात एक बरणी होती. आत उकडलेली ज्वारी, तिच्यावर हिरवीगार बुरशी. नाकाला रुमाल लावून मी ती मागच्या अंगणात कढीपत्त्याखाली ओतली, बरणी सोड्याने घासली आणि स्वतःवर खूश होऊन चहा घेतला. ती बुरशी म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांचं उरलेलं आयुष्य होतं, हे संध्याकाळी कळलं.

आमच्या मामेसासऱ्यांइतका मनापासून पश्चात्ताप अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणी केला नसेल. या माणसाने तीस वर्षं गावोगाव फिरून युरिया विकला, आणि निवृत्त होऊन ठाकुर्लीला आल्यावर त्यांना साक्षात्कार झाला, की त्यातला किती तरी नायट्रोजन पिकाच्या तोंडी लागलाच नाही. थोडा हवेत उडाला, थोडा पाण्याबरोबर खाडीत गेला. "जावईबापू, मी शेतकऱ्यांना नाही, माशांना खत विकलं!" असं ते जेवताना म्हणत आणि आम्ही पानातला मासा हळूच बाजूला सारत असू. त्यावर त्यांचा उतारा म्हणजे ही बुरशी. ती मातीत मिसळली की मुळं पसरतात, नायट्रोजन वाया जात नाही, युरिया निम्मा पुरतो. हे ते लग्नात अक्षता हातात असताना सांगत, बारशाला पाळण्याला झोका देता देता सांगत. एका साखरपुड्यात तर नवऱ्या मुलाच्या वडिलांना त्यांनी खिशातली पुडी काढून हुंगायला लावली. तेव्हापासून नातेवाईक त्यांना पत्रिका आठवणीने पाठवत, पण तारीख उलटल्यावर. त्यांच्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून बरणीची सोय बायकोने आमच्या डोंबिवलीच्या घरी केलेली, तीही मला न सांगता.

पुष्कळ मिनतवाऱ्यांनंतर कल्याणजवळच्या एका आगरी शेतकऱ्याने त्यांना वांग्यांचा एक वाफा दिला होता, तोही एकाच हंगामापुरता. लावणी दहा दिवसांवर आलेली. संध्याकाळी मामा आले, बरणीची चकाकी पाहिली. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठे ओतलीत?" मग पँट दुमडून ते कढीपत्त्याखाली बसले आणि चमच्याने एकेक दाणा वेचू लागले. मीही बसलो.

"मेली का हो, मामा?"

"छे! मातीतलीच आहे ती. फ्रीजमध्ये पाहुणी होती. तुम्ही ताजी ज्वारी उकडा."

मी जन्मात पहिल्यांदा ज्वारी उकडली. आठवड्याने ती हिरवी झाली, तेव्हा मामांच्या आधी मीच ओरडलो.

तोडणीच्या दिवशी मामा, बायको आणि मी बांधावर हजर. शेजारच्या वाफ्याला पूर्ण युरिया, मामांच्या वाफ्याला निम्मा. शेतकऱ्याने दोन्हींकडची वांगी तोडून दोन टोपल्या भरल्या. दोन्ही अगदी सारख्या.

"थोडक्यात हुकलं, मामा," मी हळहळलो.

"हुकलं कुठे? अहो, निम्म्या युरियात बरोबरी झाली!"

शेतकऱ्याने आधी ही टोपली उचलून पाहिली, मग ती. मग म्हणाला, "मामा, तुमचा नि माझा सारकाच हाय. पुढच्या साली परत या. दोन वाफं देतो."

मामांनी शेतकऱ्याचे दोन्ही हात धरले. बुरशीचं नावसुद्धा काढलं नाही.

त्यांना ठाकुर्लीला सोडून घरी आल्यावर मी म्हणालो, "एवढा खटाटोप केला, आणि पदरात काय, तर जास्तीचा एक वाफा!"

बायको चपला काढता काढता थांबली. म्हणाली, "अहो, नोकरी संपल्यापासून मामांना 'परत या' म्हणणारं आज पहिलं माणूस भेटलं. मीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं."