फ्रिज एक की दोन

केळापूरचे घर सोडले त्या सकाळी देव प्रथम निघाले आणि त्यांच्यामागून आम्ही. माझे वडील म्हणत, "घर बदलायचे झाले तर देवांनी पुढे जावे, म्हणजे नव्या जागी आपण परके ठरत नाही." त्यांच्यावर तो प्रसंग कधी आला नाही. माझ्यावर सत्तरी उलटल्यावर आला. देवांचे टाक, बाळकृष्ण, शाळिग्राम आणि शंख ताम्हणात ठेवून, धूतवस्त्रात बांधून माझी पत्नी सुमती मोटारीत बसली. ताम्हण तिच्या मांडीवर होते, आणि यवतमाळ येईपर्यंत तिने ते हलू दिले नाही.

मी दाराला कुलूप लावीत असताना शेजारच्या गिरजाबाई फाटकाशी उभ्या होत्या.

"गुर्जी, तुमी बी चालले का जी? आता चातुर्मासात आमाले पोथी कोन सांगन?"

"तुमचा नातू चांगले वाचतो की."

"तो? तो मोबाइलवर पाहून वाचते. मधातच त्याले फोन येते, मंग देव बसते वाट पाहत." त्या हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "जा, पन येत राहजा. यवतमाळ का अमेरिकेत हाय?"

यवतमाळ अमेरिकेत नाही, हे खरे. केळापूरशेजारच्या पांढरकवड्याहून सकाळच्या एसटीत बसलेला मनुष्य दुपारच्या जेवणाला तेथे पोहोचतो. परंतु ज्याने आयुष्यभर एकाच विहिरीचे पाणी देवाला घातले, त्याला अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. तुमच्यापैकी जे केळापुरात राहिले आणि जे मुलांच्या मागून नागपूर, पुणे किंवा समुद्रापलीकडे गेले, त्या दोघांसाठीही मी हे लिहीत आहे. विषय ऐकून तुम्हांला हसू येईल. विषय फ्रिजचा आहे.

केळापूरच्या आमच्या घरी फ्रिज होता, पण तो पडवीत होता. मुलाने, माधवने, पहिल्या पगारात घेऊन दिलेला. त्याला नाही म्हणणे शक्य नव्हते आणि स्वयंपाकघरात घेणेही शक्य नव्हते. म्हणून तो पाहुण्यासारखा बाहेर राहिला. त्यात पाण्याच्या बाटल्या असत, सुमतीची औषधे असत आणि उन्हाळ्यात शेजारच्या चार घरांचे विरजण असे. शिजवलेले अन्न त्यात कधी गेले नाही. रात्र ओलांडलेले अन्न पर्युषित, ते देवाला चालत नाही आणि आपण तर प्रसादच जेवतो, असा आमचा सरळ हिशेब होता. शास्त्राने तुपातल्या आणि दह्यातल्या पदार्थांना सवलत दिली आहे, हे मी सुमतीला अनेकदा सांगितले, ती म्हणे, "सवलत शास्त्राने दिली आहे, मी मागितलेली नाही."

माझी आई दोन भाकरी नेहमी जास्त करी. घरी मोजकी माणसे असली तरी करी. विचारले तर म्हणे, "कोणी आलं तर?" आणि संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी येतच असे. त्या काळी अन्न टिकवण्याची आमची सारी विद्या एवढीच होती: ते झाकून ठेवायचे आणि माणसाची वाट पाहायची.

आता माधवने यवतमाळला नवे घर बांधले आहे. तो हाडांचा डॉक्टर, त्याची पत्नी रेणुका भूलतज्ज्ञ. दोघांच्या कामाला वेळेचे बंधन नाही. ती कधी पहाटे जाते, तो कधी जेवणाच्या पानावरून उठतो. म्हणून त्यांच्या स्वयंपाकघराच्या आराखड्यात फ्रिज हा मुख्य विषय होता. बिल्ट-इन फ्रिज, म्हणजे भिंतीतल्या कपाटांच्या रांगेतच बसवायचा, बाहेरून लाकडी पॅनल लावलेला, जणू तो तेथे नाहीच. शीतकपाट वेगळे, फ्रीझर वेगळा, दोन्ही जमिनीपासून माथ्यापर्यंत उंच. त्यांना ते 'कॉलम' म्हणतात. आमच्याकडे स्तंभ म्हटले की सभामंडप आठवतो.

रेणुका फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरची. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरले. तिच्या वडिलांनी कापूस आणि तूर पिकवून मुलीला डॉक्टर केले. वडील आता नाहीत. आई सोनाबाई तांड्यावर थोरल्या मुलाकडे असतात. रेणुका त्यांना 'याडी' म्हणते. लग्न आमच्या संमतीने आणि माझ्याच मंत्रांनी झाले. त्याविषयी माझ्या मनात कधी किल्मिष नव्हते. परंतु त्यांच्याकडे मांसाहार चालतो, आमच्याकडे नाही. आजवर आम्ही दोन दिवसांसाठी जात असू, सुमती आपले डबे बरोबर नेई आणि प्रश्न दोन दिवसांत आपोआप संपत असे. आता आम्ही कायमचे आलो होतो.

आराखडा टेबलावर पसरून रेणुका म्हणाली, "बाबा, मी विचार केला आहे. आपण दोन घेऊ. हा मोठा तुमचा आणि आईंचा. त्याला आम्ही हातसुद्धा लावणार नाही. आमचा एक साधा, मागच्या वऱ्हांड्यात."

सुमतीचा चेहरा उजळला. मलाही प्रथम बरे वाटले. पोरीने आमच्या सोवळ्याची एवढी काळजी करावी, मोठा आम्हांला द्यावा आणि स्वतःचा मागे न्यावा, हा तिचा मोठेपणाच होता. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या कानी आली. फोन स्पीकरवर होता, मी बाजूच्या खोलीत गीतेचा पाठ संपवून उठत होतो, आणि सोनाबाईंचा आवाज आला.

"नाई वो पोरी, मी आता नाई येत. आधी तुमी दोघंच होते, तं येत होती. आता तुह्या सासूच्या सोवळ्यात मी पाय कुठी ठेवू? चुकून हात लागला तं बिचारीले पुन्हा आंघोळ!"

"याडी, असं नाही गं."

"मी काई रागानं नाई म्हनून राह्यली. तूच ये इकडे, सवड भेटली की."

रेणुकेला सवड मिळत नाही, हे त्या दोघींनाही ठाऊक होते. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आराखड्याकडे पाहत बसली. त्या दिवसापासून दोन फ्रिजांचा विचार मला खुपू लागला. मी आलो म्हणून त्या घरातून एक माणूस गेले होते.

नागपूरच्या शोरूममध्ये आम्ही चौघे गेलो. एवढी स्वयंपाकघरे मी एका छताखाली कधी पाहिली नव्हती, आणि एकातही कोणी स्वयंपाक करीत नव्हते. आम्हांला दाखवणारा विक्रेता नम्र होता आणि उत्साही होता.

"काका, हा दरवाजा बघा. बोट लावा फक्त. आणि दोघांचे कॉम्प्रेसर अलग अलग. इकडचा वास तिकडे जाणार नाही, गॅरंटी."

"आमच्या उन्हाळ्यात टिकेल?" मी विचारले.

"त्रेचाळीसपर्यंत काही टेन्शन नाही."

"यवतमाळला पंचेचाळीस होतात."

मग त्याने आत जाऊन दुसरी पुस्तिका आणली आणि उष्ण प्रदेशासाठी केलेले मॉडेल काढले. त्याच्यासाठी कपाटाखाली आणि माथ्यावर हवेची वाट मोकळी ठेवावी लागते, स्टॅबिलायझर लागतो, आणि सुतार व वीजतंत्री दोघांनी आधी एकत्र बसावे लागते, हे त्याने नीट समजावले. माधव म्हणाला, "बाबांनी परीक्षा घेतली तुमची." मी शिक्षक होतो, सवय जात नाही.

मग तो आतल्या पॅनलवरची बटणे दाखवू लागला. एक जलद गोठवण्याचे, एक सुट्टीवर जाताना दाबायचे. एका बटणावरून त्याने हात तसाच पुढे नेला.

"हे कशाचे?"

"ते इकडे कोणी वापरत नाही, काका. ज्यू लोकांचं असतं काहीतरी."

रेणुकेने पुस्तिका उघडून वाचले आणि मला सांगितले. ज्यू लोकांचा आठवड्यात एक पवित्र विश्रामदिन असतो. त्या दिवशी अग्नी पेटवायचा नाही, आणि दिवा लावणे हेही त्यांच्यातले कडक व्रती अग्नी पेटवण्यासारखेच मानतात. फ्रिजचे दार उघडले की आतला दिवा लागतो, म्हणजे नकळत व्रतभंग होतो. ते बटण दाबून ठेवले की दिवसभर दार कितीही वेळा उघडा, दिवा लागत नाही.

मी त्या बटणाकडे आदराने पाहत राहिलो. कोठली माणसे, कोठला देश, आणि त्यांचे व्रत एका यंत्राने मानले होते. मला आनंद झाला. पण त्याहून अधिक मला दिसले ते हे की, त्या माणसांनी व्रतासाठी दुसरा फ्रिज मागितला नव्हता. घरातला सगळ्यांचा जो फ्रिज, तोच त्यांचा. व्रत ज्याचे त्याने पाळावे. त्याच्यासाठी घराचे दोन भाग कोणी का करावेत?

विक्रेता कागद काढून विचारीत होता, "मग सर, दोन ना? एक हा, आणि वऱ्हांड्यासाठी एक साधा?"

"एकच," मी म्हणालो.

तिघेही माझ्याकडे वळले. सुमतीने मला बाजूच्या सोफ्यावर नेले.

"अहो, एकच म्हणजे? आणि मटण?"

"फ्रीझरचा कॉलम वेगळा आहे. त्यातला सर्वांत खालचा खण त्यांचा. झाकणाचे डबे, त्यांचे त्यांनी धुवायचे."

"तुम्ही बोलून मोकळे होता. ओटा मला सांभाळायचा आहे."

"सुमती, देवाच्या नैवेद्याला फ्रिजमधले कधी घेतलेस?"

"कधीच नाही."

"पुढे घेणार आहेस?"

"शक्य नाही. देवाचं दूध मी सकाळी ताजं घेईन, आणि नैवेद्याची शेगडी माझी वेगळी."

"मग देवाचा आणि या कपाटाचा संबंधच नाही. ते माणसांसाठी आहे. आणि या घरात माणसांचे दोन वर्ग करायचे असतील, तर मी केळापूरला परत जातो."

समोर कोणाच्याही नसलेल्या स्वयंपाकघरात रेणुका एकटी उभी राहून एक खण पुढे-मागे करीत होती. सुमतीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"तिची आई येत नाही म्हणून का हे?" तिने हळूच विचारले.

"हो."

"मला सांगायचं तरी होतं." मग पदर सावरून ती उठली आणि मोठ्याने म्हणाली, "रेणुका, खालचा खण तुझ्या आईला वाकायला जड जाईल. मधला घे. खालचा मी रिकामा ठेवीन."

रेणुकेने खण बंद केला. मग ती विक्रेत्याकडे वळली आणि विनाकारण विचारू लागली की, बर्फ किती वेळात होतो.

सोनाबाईंना फोन मीच केला.

"विहीणबाई, फ्रिज एकच घेतला आहे. त्यातला एक खण तुमचा."

"काहून जी गुर्जी, थट्टा करता का गरिबाची?"

"मी थट्टा करीत नाही."

"मी मटन घेऊन येईन बरं!"

"आणा. मी ते खाणार नाही, आणि तुम्ही मला वाढणार नाही. एवढाच करार."

पलीकडून हसू आले. "येतो," त्या म्हणाल्या. "पन राहाची नाई. सांजच्या गाडीनं वापस."

त्या आल्या तेव्हा सुमती सोवळ्यात होती आणि नैवेद्य व्हायचा होता. सोनाबाई डबा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थांबल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "कुठी हाय वो तुमचा फ्रिज? कपाटच कपाट दिसून राह्यले!"

"थांबा हं, विहीणबाई, मला आत्ता शिवू नका," सुमती शेगडीजवळूनच म्हणाली. "बसा तिथे स्टुलावर. एवढा नैवेद्य दाखवते, मग मीच उघडून देते."

"बसतो नं. मले कायची घाई?" असे म्हणून त्या खरोखरच स्टूल ओढून बसल्या, आणि तुरीच्या भावाविषयी बोलू लागल्या. सुमती सांजा परतता परतता उत्तरे देत होती. घंटा वाजली, प्रसाद झाला. सुमतीने वस्त्र बदलले, पॅनलचे दार उघडले, मधला खण ओढला आणि बाजूला झाली. डबा सोनाबाईंनी आपल्या हाताने आत ठेवला. त्यानंतर दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहून चहा प्याल्या.

ज्यांनी घर सोडले ते मला विचारतात, तेथे मन लागले का, नेम चालतो का. नेम चालतो. पूर्वी घर म्हटले की मला केळापूरची ती भिंत आठवे, जिच्या आत कोणी किती यावे हे आमच्या पिढ्यांनी ठरवले होते, आणि त्या भिंतीवर माझे अजूनही प्रेम आहे. परंतु आता मी घर त्याला म्हणतो, जेथे माझ्या नियमांना जागा आहे आणि माझ्या नियमांमुळे दुसऱ्या कोणाची जागा गेलेली नाही. असे घर माणसाला वारशाने मिळत नाही. म्हातारपणीही बांधावे लागते, आणि बांधता येते.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा माधव किल्ली घेऊन उठला. सोनाबाईंनी खिडकीबाहेर पाहिले, सुमतीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "जाऊ दे बापू, किल्ली ठेव. उद्या पाहू."

त्या आठवडाभर राहिल्या.