माइकवाल्यानं पाह्यलेल्या तीन सभा

मंचावरचा माणूस खरं दाखवून राह्यला का खोटं, हे मले मशीनजवळ बसल्या बसल्या समजते, असं मी बालाघाटात जन्मभर सांगत आलो. शाळा माझी चौथीपर्यंत. पण लाउडस्पीकर, मंडप, जनरेटर, यात मी कोणाले हार गेलो नाही. बैहरच्या जंगलातल्या गावापासून रामपायलीच्या देवळापर्यंत माझे भोंगे लागले. पुढाऱ्यांच्या सभा केल्या, कीर्तनं केली, जादूगार केले. टाळ्या मनातून येऊन राह्यल्या का पुरीभाजीच्या पाकिटातून, हे मी मंचाकडे पाठ करून सांगत होतो. म्हणून पोरगा जेव्हा म्हणाला, "बाबा, यातलं तुम्हाले नाही समजत," तेव्हा माझं डोकं फिरलं.

यातलं म्हणजे व्हिडिओ गेम. दोन हजार सालाच्या पुढे पाच-सहा वर्षं गेली असतील. मंडपाच्या कामात पोराचं मन नव्हतं. त्याले दुकानाची समोरची खोली पाहिजे होती. तिथे टीव्ही आणि गेमचं मशीन लावीन, पोट्टे येतील, तासानं खेळतील, असा त्याचा हिशोब. सहा महिने मी नाहीच म्हटलं. शेवटी त्याची माय मधात पडली, तेव्हा मी कबूल झालो, पण अट घातली. मशीन एकच. चाललं तर खोली तुझी. नाही चाललं तर दुसऱ्या दिवशी बांबू उचलायचे आणि गेमचा शब्द घरात काढायचा नाही. त्यानं मान हलवली. आता आपली सारी जिंदगी या एका मशीनवर हाये असं तोंड करून तो फिरू लागला.

मशीन कोणतं, हा सवाल होता. जगात तीन मोठ्या कंपन्या, तिघींचं नवीन मशीन येणार होतं. त्यानं मले समजावलं, की अमेरिकेत दरसाल गेमवाल्यांचा मोठा बाजार भरते. बाजार उघडायच्या आधी एकेक कंपनी पेपरवाल्यांले बोलावते आणि मंच लावून आपला माल दाखवते. त्या तीनही सभा एका कॉम्प्युटरच्या मासिकासोबत सीडीवर आल्या होत्या. त्यानं ती नागपूरवरून आणली होती. पाहून झाली होती, ठरवूनही झालं होतं. पहिल्या कंपनीचं. सोमवारी नागपूरच्या दुकानदाराकडे जाऊन नाव लिहून येणार होता.

मी म्हटलं, "दाखव मले. तीनही दाखव."

"इंग्रजीत हायेत, बाबा."

"मले कुठे ऐकायच्या हायेत? पाह्यच्या हायेत."

रविवारी दुपारी त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसलो, आणि लाइट गेली. अर्धा घंटा अंगणात चकरा मारल्या. मले बसवेना. मग मी लग्नाचं जनरेटर बाहेर काढलं आणि दोरी ओढली. आतून बायको ओरडली, "अवो, वरात कोणाची हाये?"

"अमेरिकेची," मी म्हटलं.

पहिली सभा लागली. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. मोठं केलं तर चौकोन चौकोन दिसत. तरी मंच असा, की मी खुर्ची पुढे ओढली. एवढा मोठा हॉल, पूर्ण अंधार, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पडदा. भोंगा एकही दिसत नव्हता, साऱ्या पेट्या काळ्या कपड्यामागे. काळ्या सदऱ्यातला माणूस आला, हातात ते दोन मुठीचं रिमोट. पडद्यावर लाल गाडी नदीवरच्या पुलावरून निघाली. खाली पाणी असं चमके, की वाटे अंग ओलं होईन. लोकं उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"पाह्यलं?" पोरगा म्हणाला.

"दुसरी लाव."

दुसऱ्या कंपनीचा माणूस फक्त बोलला. पडद्यावर रेघा चढत, आकडे चढत, आणि तो बोटानं दाखवे. असे मी लई केले. माइक तोंडात घालून बोलत होता, दर प वर फट्ट आवाज. मागच्या रांगेतून दोघं उठून गेले, ते त्यांच्याच कॅमेऱ्यात आलं. मी म्हटलं, हा निवडून येत नाही.

तिसऱ्या कंपनीचा मंच आमच्या शाळेच्या गॅदरिंगएवढा. एक गोल तोंडाचा माणूस हसत आला, त्यानं खालच्या चार जणांले वर बोलावलं आणि मशीन त्यांच्याच हातात दिलं. त्यांच्यातला एक जाडा माणूस खेळता खेळता पडता पडता वाचला. मधात माइकनं शिट्टी मारली, कानठळ्या बसल्या, साऱ्यांनी कानावर हात ठेवले आणि हसले. चित्र काही खास नव्हतं. पाणी नाही, पूल नाही, कागदाच्या बाहुल्यासारखी माणसं.

"हे तर लहान लेकरांचं हाये," पोरगा म्हणाला.

"पहिली परत लाव."

तीन वेळा लावायले सांगतली. तिसऱ्यांदा म्हटलं, "थांबव. इथे." काळ्या सदऱ्याच्या माणसानं उजवा हात रिमोटवरून काढला होता आणि कपाळाचा घाम पुसला होता. त्याच वेळी पडद्यावर लाल गाडी वळणावरून झोकात गेली.

"तुझ्या जुन्या गेममध्ये उजवा हात काढला तर काय होते?"

"रेस उजव्या अंगठ्यात राह्यते. गाडी थांबते."

"मग ही काहून नाही थांबली?"

त्यानं चित्र मागे नेऊन परत पाह्यलं. मग म्हणाला, "नवीन मशीन हाये, बाबा. काही सोय असन."

"सोय कायची? ही फिल्म हाये. आधीच काढून ठेवलेली. तो नुसता हात हलवून राह्यला."

"अमेरिकेतली एवढी मोठी कंपनी हजार पेपरवाल्यांसमोर फिल्म लावन? तुम्ही काय बोलता?"

"हौ, लावन."

"तुम्हाले कसं मालूम?"

जनरेटर बंद करायच्या बहाण्यानं मी उठून गेलो.

मले कसं मालूम, हेच तर सांगायचं नव्हतं. पोरगा अंगणात खेळत होता तेव्हापासून मी त्याले एक गोष्ट सांगत आलो. किरनापुरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, नागपूरची एक बाई गायले आली होती, संध्याकाळचा कार्यक्रम, आणि माझ्या माइकवर तिचा आवाज असा उठला की लोकं बाजारातला सौदा सोडून मंचासमोर येऊन बसले. माझं नाव झालं ते त्या संध्याकाळीच. मग लांजीपर्यंतचे लोकं म्हणत, माइक लावायचा तर त्याचाच. पोराच्या शाळेत मास्तरांनी विचारलं होतं, बाप काय करते, तर त्यानं हीच गोष्ट सांगतली होती.

खरी गोष्ट अशी, की बाईनं दोन गाणे गायले आणि गळा बसला. तिसऱ्याले आवाजच निघेना. मंडईवाले हात जोडू लागले. तिच्याकडे तिच्याच मागच्या कार्यक्रमाची कॅसेट होती. ती मी मशीनला लावली, तिचा माइक बंद केला आणि तिले म्हटलं, बाई, ओठ हलवा. वन्स मोअर आला, तर कॅसेट मागे फिरेपर्यंत ढोलकवाल्यानं सांभाळून घेतलं. एका गाण्यात बाईनं घाम पुसायले माइक खाली घेतला, गाणं चालूच. माझा जीव उडाला. कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो घाम पुसणारा हात मी तेव्हापासून विसरलो नाही. म्हणून या माणसाचा हात मले दिसला, पोराले दिसला नाही.

संध्याकाळभर मी इकडून तिकडे फिरलो. उगाच तारा गुंडाळल्या, गुंडाळलेल्या सोडल्या. बायकोनं विचारलं, पोट दुखते का. मी म्हटलं, नाही. वाटे, जाऊ दे, घेऊ दे त्याले पाहिजे ते. मग वाटे, मशीन आलं आणि पडद्यावर ते पाणी नाही, तो पूल नाही, तर पोट्टे चार दिवसांत पाठ फिरवतील. अट माझीच. मलेच त्याच्या खांद्यावर बांबू द्यावा लागन, आणि मी मागे घेणाऱ्यातला नाही.

सोमवारी सकाळी तो नागपूरच्या गाडीसाठी निघाला. ओट्यावर बसून बुटाची लेस बांधत होता. मी समोर जाऊन उभा राह्यलो.

"किरनापुरची बाई," मी म्हटलं, "गायली नव्हती."

"काय?"

"दोन गाणे गायली. बाकी कॅसेट होती. मी लावली होती. तिनंही असाच घाम पुसला होता."

त्यानं वर पाह्यलं नाही. "सारे गाणे?"

"दोन सोडून."

"आणि तुम्ही एवढे वर्षं..."

"हौ."

मले वाटलं, ओरडन. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, सोपं झालं असतं. त्यानं बांधलेली लेस सोडली, बूट काढून भिंतीले लावले आणि आत गेला. मायले म्हणाला, चहा ठेव, मी जाऊन नाही राह्यलो.

पुढच्या आठवड्यात त्यानं तिसऱ्या कंपनीचं मशीन लिहून ठेवलं; तिथे निदान खालचे लोकं स्वतः खेळले होते. ते आलं, खोलीत लागलं, आणि चाललं. म्हणजे चालते असं तो म्हणे. पोट्टे येत, उड्या मारत, हसत. एखादा विचारे, भैया, वो लाल गाड़ी वाला नहीं है क्या? तो म्हणे, नहीं है. मग आतल्या दाराकडे पाहे. मी तिथेच बसलेला असे. माझ्यासमोर कोणी किरनापुरचा विषय काढला, की त्याले खोलीत काही तरी काम निघे.

मले मात्र चैन पडेना. ती फिल्मच होती ना? पक्की? मग गोंदियात एकानं पहिल्या कंपनीचं मशीन लावलं असं कानावर आलं. मी घरी म्हटलं, तारा आणायच्या हायेत, आणि गोंदियाची गाडी पकडली.

दुकान बाजाराच्या मागे, जिन्याखाली. मालक पंचविशीचा, कानात बाळी. मी म्हटलं, लाल गाड़ी वाला लगाओ. तो हसला. "काका, आप खेलेंगे?"

"पहले देखूँगा."

गाडी निघाली. पूल आला. नदी आली. पाणी चमकलं, अगदी तसंच, उलट मोठ्या टीव्हीवर जास्तच. मी बराच वेळ पाहत राह्यलो. मग म्हटलं, दाहिना हाथ निकालो. त्यानं काढला. गाडी चालूच होती, वळणही घेतलं.

"रुकी क्यों नहीं?"

"इसमें रेस दबाके नहीं रखनी पड़ती, काका. एक बार दबाओ, गाड़ी भागती रहती है. बस मोड़ना है."

मले त्यानं रिमोट दिलं. डाव्या अंगठ्यानं मी पूल पार केला. उजव्या हातानं मीही घाम पुसला, कारण आला होता.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो, उठलो, दाराशी गेलो, परत आलो. घरी काही सांगायची गरज नव्हती. गोंदियाले मी काहून गेलतो हे कोणाले मालूम नव्हतं. पोरगा म्हणत होता तसं, सोय होती. मी त्याचं मशीन त्याच्या हातून काढलं, ते माझ्या कॅसेटच्या भरवशावर. हे गिळून टाकलं तर कोणाले पत्ता लागला नसता. मंडईतही लागला नव्हता.

घरी आलो तर माय-लेक जेवाले बसले होते. तारा कुठे हायेत, बायकोनं विचारलं.

मी पोराले म्हटलं, "ते लाल गाडीचं मशीन पाहून आलो. तुझ्या सीडीत दाखवलं तसंच हाये. हात काढला तरी चालते. फिल्म नव्हती."

त्याचा घास हातात राह्यला. "म्हणजे तो खरंच चालवून राह्यला होता?"

"हौ. माझं चुकलं."

हे शब्द मी त्या घरात पहिल्यांदाच बोललो असेन. बायको एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होती. पोरानं मान ताटावर घातली, आणि त्याचे खांदे हलू लागले. आधी मले वाटलं रडून राह्यला. तो हसत होता.

"म्हणजे बाबा," तो म्हणाला, "किरनापुरचं तुम्ही फुकटात सांगून बसले."

"फुकटात तर फुकटात," मी म्हटलं. "सरक तिकडे. मलेही भूक लागली हाये."