पाव्हण्याची घुंगरमाळ

"माह्या काय बापाचं कुत्रं हाय ते?"

हे वाक्य भाऊ दिवसातून चार वेळा तरी म्हणत, आणि म्हणता म्हणता पाठीमागं नेलेल्या हातानं त्याच कुत्र्याचा कान खाजवत. समोरच्याला दिसत नाही असं त्यांना वाटे. मला तर दिसायचंच. माझी पिठाची चक्की त्यांच्या ओसरीसमोर, मध्ये फक्त रस्ता. दळण टाकलं की मला दुसरं काम काय? भाऊंकडे बघत बसायचं.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रं पाळलं तर कबूल करायला काय जातं? पण भाऊंची अडचण समजून घ्या. आमच्या केनवडच्या ग्रामसभेत कुत्र्यांविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं बोललेला माणूस म्हणजे हेच भाऊ. मारुतीच्या पारासमोरच्या मैदानात, अख्ख्या गावादेखत बोट नाचवत म्हणाले होते, "ज्याचं कुत्रं असन त्यानं कबूल करा अन् बांधून ठेवा! नाही तर त्यानं केलेलं नुसकान भरून द्या!" टाळ्या पडल्या, ठराव झाला. आणि पंधरा दिवसांत एक तांबडं, अर्ध्या कानाचं पिल्लू भाऊंच्या गोठ्यात येऊन बसलं. ट्रॅक्टर आल्यावर त्यांनी बैल विकले होते, तेव्हापासून गोठा रिकामाच होता. भाऊंच्या घरात तरी दुसरं कोण होतं?

"पाव्हणं हाय," ते मला म्हणाले. "जाईन सकाळी."

ते पाव्हणं नऊ वर्षं राहिलं. गावानं त्याचं नावच पाव्हणा ठेवलं. भाऊ मात्र नाव घेत नसत. नाव घेतलं की कुत्रं आपलं झालं! ते नुसतं "ए" म्हणत, आणि ते धावत येई.

पाव्हणा तसा गुणी. कोणाला चावला नाही, कोणाच्या चुलीत तोंड घातलं नाही. खोड एकच, चपला. तीही जोड्यातली एकच न्यायची, गोठ्यात ठेवायची आणि तिच्यावर हनुवटी टेकून झोपायचं. शनिवारी मारुतीला गेलेला निम्मा गाव एका पायात चप्पल घालून घरी यायचा. एकदा शाळेतल्या गुरुजींची नवीकोरी कोल्हापुरी गेली. गुरुजी लंगडत भाऊंच्या दारात आले.

"भाऊ, तुमच्या कुत्र्यानं..."

"माह्या काय बापाचं कुत्रं हाय ते?"

मागं पाव्हणा कोल्हापुरीचा अंगठा चघळत होता. गुरुजी बिचारे तसेच परत गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. भाऊंकडे बैल नाहीत, तरी एका वर्षी त्या संध्याकाळी ते वाटी घेऊन माझ्याकडं तूप मागायला आले. "भाकरीले पाह्यजे." मला शंका आली. मी मागोमाग जाऊन पोत्यांच्या आडून डोकावलो, तर हा माणूस गोठ्यात बसून पळसाच्या पानानं कुत्र्याचे खांदे मळत होता आणि हळूच म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी पाव्हणा पिवळे खांदे घेऊन गावभर हिंडला.

"भाऊ, याचे खांदे पिवळे काहून झाले?"

"हळदीच्या पोत्यावर लोळलं असन. तुह्याच चक्कीत."

वा रे वा! मग मीही एक पुडी सोडली. "भाऊ, उद्या गाडी येऊन राह्यली म्हणते. बेवारशी कुत्रे जंगलात नेऊन सोडतीन. गळ्यात काही बांधलं असन तेच ठेवतीन." सकाळी पाहतो तर पाव्हण्याच्या गळ्यात विकलेल्या बैलाची घुंगरमाळ! जमिनीला टेकू नये म्हणून दोन वेढे दिलेली.

"हे कोणी बांधलं भाऊ?"

"कोण जाणे बाप्पा. गावात रिकामटेकडे काय कमी हायत?" असं म्हणून माझ्याकडंच पाहिलं.

गावाचा मात्र फायदा झाला. घुंगरं ऐकू आली की कीर्तनात बसलेली माणसंसुद्धा उठायची आणि आपापल्या चपला काखेत मारायची.

यंदा पोळा आठ दिवसांवर आला होता. एका सकाळी घुंगरं वाजली नाहीत. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. भाऊ सायकल हातानं ढकलत निघाले होते, कॅरियरवर पोतं बांधलेलं, त्यातून एक तांबडी शेपटी बाहेर आलेली. आणि माझी जीभ बघा, नऊ वर्षांची सवय, मी विचारून बसलो, "भाऊ, कोणाचं कुत्रं?"

भाऊ थांबले. "माह्या काय..." एवढं म्हणाले आणि पुढचं निघेचना. तोंड तसंच उघडं. मग सायकल ढकलत शेताकडं गेले.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. चक्की बंद केली आणि मागं पळालो. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोघांनी मिळून खड्डा केला. भाऊंनी गुरुजींची ती कोल्हापुरी पाव्हण्याच्या हनुवटीखाली ठेवली आणि माती लोटली. माळ तेवढी त्यांनी खिशात घातली.

परत येताना म्हणाले, "नऊ वर्सं बे. एकदा तरी माहं म्हणाले पाह्यजे होतं. ते ऐकत होतं न."

त्या दिवशी मी चक्की पुन्हा सुरू केली नाही.

पोळ्याच्या दिवशी मैदानात तोरण बांधलं होतं. तेच मैदान, तोच पार. बैल आता मोजकेच, पण रांग लागली. आणि भाऊ आले. धुतलेलं धोतर, हातात घुंगरमाळ. रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

कोणीतरी विचारलं, "भाऊ, बैल कुठी हाय?"

"बैल नाही." भाऊंचा आवाज ग्रामसभेतल्यासारखा मोठा लागला. "कुत्रं होतं. पाव्हणा. माहं होतं ते. माहंच होतं."

कोणी हसलं नाही. गुरुजी खाकरले. "म्हणजे भाऊ, ते माही कोल्हापुरी..."

"देतो न बाप्पा! सगळ्याइच्या देतो! ठराव माहाच होता!"

मग मात्र सगळं मैदान हसलं, भाऊही हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. ज्यानं विचारलं त्याला म्हटलं, डोळ्यांत पीठ गेलं.

रिवाजाप्रमाणं तोरण तोडलं, बैल हलले. भाऊंनी माळ वर धरली आणि एकदा हलवली. घुंगरं वाजली, आणि मैदानातल्या झाडून सगळ्या माणसांनी खाली वाकून आपापल्या चपला पाहिल्या.