पाठ न दाखवता

आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मी, आणि कोंढा गावात कराटेचा ब्राउन बेल्ट मिळवणारीही पहिली मीच. रोज सकाळी तलावाच्या पाळीवर एकटी सराव करायची. त्या दिवशी वीस पावलांवर झुडपातून वाघ निघाला आणि माझ्याकडे बघत थांबला.

आठ वर्षांचा सराव असून माझे पाय पळायलाच वळले. तेवढ्यात मागून कुणीतरी मनगट धरलं. खांद्यावर जाळं घेतलेला, मासे धरायला आलेला एक म्हातारा. त्याचं नाव मला अजून माहीत नाही.

"पळू नोको बाई. पाठ नोको दाखवू. हळूहळू मागं सरक."

आमच्या कराटेच्या वर्गात मागं सरकणाऱ्याला सर रागावतात. हा मात्र एकेक टाच चाचपत मला मागं नेत होता आणि पुटपुटत होता, "जा ना गा वाघोबा, आमी काई नाही करत."

वाघ शेवटी पलीकडच्या शेतात, धानाच्या बांधीत उतरला. म्हातारा पाळीवरच बसला. त्यानं तंबाखूची डबी काढली. माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे बघून त्यानं विचारलं, "हे कराटेचे काय? मंग तुले भेव नसंल लागत."

वर्गात या प्रश्नाला आम्ही एका सुरात "नाही सर!" ओरडतो. तेच ओठांवर आलं होतं.

"मले तं लय लागते," तो म्हणाला. "रोजच."

"मले बी लागते, काका." हे मी घरीदारी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"मंग संगंच चाल गावापर्यंत," तो उठत म्हणाला. वाटभर आम्ही दोघंही वळून वळून मागं बघत होतो.